दिवसाची राखण

कोंबड्यांना भीती असते ती रात्रीची, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मगरिबची अजान झाली की अम्मा हातात तांदळाच्या कण्या घेऊन मागीलदारी जाई, एकेकीला नावाने हाका मारी, मोजून खुराड्यात घेई आणि दाराला कडी घालून वर एक चिरा टेकवून ठेवी. रात्री रानमांजर येते, कोल्हा येतो, अलीकडे तर कुत्र्यांच्या वासाने बिबट्याही वाडीत शिरतो. म्हणून रात्रीची कडी सगळेच लावतात. सकाळी फजरनंतर ती कडी काढली की मात्र प्रत्येकाला वाटते, आता उजाडले, आता कसली भीती?

आमचे जे नुकसान झाले ते सगळे दिवसाढवळ्या झाले.

उर्दू शाळेत शिकवून आम्हाला एक खोड जडली आहे. उर्दूत एकटा माणूससुद्धा स्वतःला 'हम' म्हणतो. तीच सवय मराठी लिहिताना हातात येते. पण या गोष्टीत 'आम्ही' म्हणजे खरोखरच आमचे सगळे घर आहे: अम्मा, आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि मागीलदारच्या वीस-पंचवीस कोंबड्या. आमचे गाव दापोली तालुक्यात, दाभोळच्या खाडीकाठी. घराला पुढे पडवी, मागे परसू, परसवाला चिऱ्यांचा गडगा आणि गडग्यापलीकडे उतारावर काजूची झाडे.

कोंबड्या या घराला नवीन नाहीत. अब्बा जहाजावर खलाशी होते. पैसा यायचा तेव्हा यायचा, नाही आला तर चार-चार महिने यायचा नाही. त्या दिवसांत अम्माचा डबा चाले. आमच्या बाजूला कोंबड्या बायकांच्या असतात आणि अंड्यांचा पैसाही बायकांचा असतो. पुरुष त्यात बोलत नाहीत. आम्ही बी.एड. केले तेव्हा तो अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. फी अब्बांनी भरली, पण वर्षभराचा एस.टी.चा खर्च, वह्या, पाठांसाठी लागणारे तक्ते आणि रंगीत खडू हे सगळे त्या डब्यातून आले. पाच रुपयाला एक अंडे. नोकरी लागल्यावर आम्ही अम्माला म्हणालो, "आता कोंबड्या कमी कर, त्रास कशाला?" ती म्हणाली, "मास्तर, तुझ्या पगारावर तुझी सही लागते. माझ्या डब्यावर कुणाची लागत नाही." तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आमच्या कोंबड्यांचे नशीब उघडले. सगळे घर चोवीस तास घरात. मोबाइलवर धडे पाठवून झाले की आम्ही पडवीत, मुले अंगणात, पत्नी मागीलदारी. कुणी ना कुणी कायम परसात असे. अम्माने त्या उन्हाळ्यात तीन कोंबड्या अंड्यांवर बसवल्या. एकवीस दिवसांनी पिल्ले निघाली आणि जवळजवळ सगळी वाढली. आम्हाला वाटले, आम्ही कोंबडीपालनात हुशार झालो.

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांची त्याने काय दशा केली ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या घराची कौले गेली. परसातला एक फणस, दोन आंबे आणि सुपारीची सात झाडे आडवी झाली. कौले महिन्याभरात पुन्हा चढवली. झाडे कोण चढवणार? चाळीस वर्षे सावलीत असलेले परसू एका दुपारीत उघडे पडले. तेव्हा आम्ही फक्त आंब्याचे उत्पन्न मोजले. त्या झाडांनी आणखी काय काय झाकून धरले होते ते कळायला पुढचे सव्वा वर्ष जावे लागले.

४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा पुन्हा भरल्या. आम्ही मोठ्या आनंदाने गेलो. मुलगा त्याच्या वर्गात गेला, पत्नी धाकटीला घेऊन अंगणवाडीच्या कामाला लागली. घरी अम्मा एकटी. मागीलदारी अकरा पिल्ले घेऊन फिरणारी काबरी कोंबडी. त्या शनिवारपर्यंत अकराची चार राहिली.

आम्ही अम्मावर चिडलो. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवे. "तू पडवीच्या मागच्या दारात बसलेली असतेस ना? मग सात पिल्ले गेली कशी? एकदा तरी ओरडायचेस!" अम्मा काही बोलली नाही. तसबीह हातात फिरवत राहिली. रात्री तिने पत्नीला हळूच सांगितले, "मला आवाज येतो. कोंबडा ओरडतो ते कळतं. पण काय आलं, कुठून आलं, ते दिसत नाही. काठी मारायची कुठे?"

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. टाळेबंदीत दीड वर्ष आम्ही एकाच छपराखाली होतो, दस्तरखानावर रोज समोरासमोर बसत होतो, आणि आम्हाला ते कळले नव्हते. कोंबड्यांनी सांगितले तेव्हा कळले.

त्या हिवाळ्यात एकेक करून दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले. मधल्या काळात राखणीची जबाबदारी आम्हीच घ्यायची ठरवले, आणि मास्तर माणूस करतो तेच केले: एक वही घातली. कोण येते, किती वाजता येते, कुठून येते, काय नेते. रविवारी आम्ही, इतर दिवशी पत्नी किंवा मुलगा लिहीत असे. दोन महिन्यांत चोरांची यादी तयार झाली.

घार सकाळी लवकर येत नाही. ऊन तापून हवा वर चढू लागली की, साधारण दहानंतर, ती घिरट्या घालू लागते. पिल्लू उचलते तेव्हा मागे एक पीसही राहत नाही. शिक्रा तसा नाही. तो कबुतराएवढा, झाडाच्या पानांत गुपचूप बसून राहतो आणि जमिनीलगत सुरकन येतो. कळेपर्यंत गेलेला असतो. कावळे जोडीने येतात. एक कोंबडीच्या शेपटीमागे उड्या मारतो, ती चिडून त्याच्यावर धावते, तेवढ्यात दुसरा पिल्लू घेतो. भारद्वाज दिसला की आमचे शेजारी शकुन मानतात, पण तो अंडीही खातो आणि दोन दिवसांचे पिल्लूही. घोरपड दुपारी येऊन अंड्यांवर हात मारते. गावातली मोकाट कुत्री आली तर पिसांचा खच पडतो आणि खातात त्याहून जास्त मारून टाकतात.

आणि मुंगूस. त्याचा दिवस माणसासारखा असतो. रात्री झोपतो, दिवसा कामाला निघतो. गडग्याच्या चिऱ्यांमधल्या पोकळीतून तो डोके काढी, इकडेतिकडे बघे आणि गवताच्या आडोशाने थेट खुराड्यापर्यंत येई. पिल्लूच काय, चांगली अंड्यावरची कोंबडीही त्याने मानेला धरून मारली. आमचा आवाज ऐकून तिथेच टाकून पळाला. मानेवरच्या दोन-चार दातांच्या खुणांखेरीज अंगावर काही नव्हते.

वहीत एक गोष्ट आमच्या मुलाने लिहिली. आमचा तांबडा कोंबडा दोन प्रकारे ओरडतो. आकाशातून काही आले तर एक बारीक, लांब सूर काढतो आणि सगळ्या कोंबड्या जागीच दबतात किंवा झुडपात शिरतात. जमिनीवरून काही आले तर 'कटकटकट' असा मोठा गलका करतो, आणि कोंबड्या माना उंच करून बघतात. आम्हाला आधी मुलाची कल्पना वाटली. नंतर वाचनात आले की पक्ष्यांच्या अभ्यासकांनीही हे नोंदवले आहे. अम्माला वाचून दाखवले तर ती हसली. "मला डोळे नव्हते तेव्हा मी यावरच तर चालत होते." पहाटे कोंबडा आरवला की अल्लाहचा फज्ल मागावा, कारण त्याने फरिश्ता पाहिलेला असतो, अशी हदीस आहे. अम्मा म्हणाली, "पहाटे फरिश्ता बघतो, दिवसा चोर बघतो. अजून काय हवं?"

चोर कळले, आता करायचे काय? गावात सल्ल्याला तोटा नसतो. एकाने फासकी आणून दिली. दुसरा म्हणाला, मेलेल्या पिल्लात औषध भरून गडग्यावर ठेवा, मुंगूस आणि घार दोघांचाही निकाल. तिसऱ्याने दीनी बाजू मांडली. हदीसच्या बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत पाच प्राण्यांचा उल्लेख आहे, ज्यांना एहरामच्या अवस्थेतही मारण्यात गुन्हा नाही: कावळा, घार, विंचू, उंदीर आणि चावरा कुत्रा. आमच्या परसातले दोन चोर त्या यादीत सरळ बसत होते.

आम्ही त्याच महिन्यात वर्गात वन्यजीवांचा धडा शिकवत होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुंगूस, घोरपड किंवा घार यांना मारणे गुन्हा आहे. चित्रकलेच्या चांगल्या ब्रशांसाठी मुंगसे मारली जातात, तसले ब्रश बाळगणेही बेकायदा आहे, असे आम्ही मुलांना सांगितले होते. ते सांगून संध्याकाळी घरी येऊन फासकी लावायची, हे आम्हाला जमेना. शिवाय औषध घातलेले पिल्लू मुंगूसच खाईल याची हमी कोण देणार? शेजारच्यांची मांजर खाईल, कुत्रा खाईल, रांगते मूल हात लावेल.

पण आम्हाला थांबवले ते कायद्याने नाही, अम्माने. डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून ती खाटेवर पडली होती. म्हणाली, "मारण्याची परवानगी आहे, हुकूम नाही. आधी विचार, घार इथे आली का? आपणच बोलावली असेल."

आणि खरोखर आम्हीच बोलावली होती. परसाच्या कोपऱ्यात मासे साफ करायचे आणि डोकी, खवले, आतडी गडग्यापलीकडे फेकायची, ही आमची रीत. गडग्यावर सुकट वाळत घातलेली. त्यावर्षी बकरी ईदला कुर्बानीचे पोट-आतडेही तिथेच नीट न पुरता टाकले होते. घारींनी आणि कावळ्यांनी आमचे घर ओळखून ठेवले होते. पूर्वी वर फणस-आंब्यांचे छत होते, तेव्हा घार पलीकडचे उचलून निघून जाई. छत गेले आणि तिला पलीकडच्या खाण्याबरोबर अलीकडची पिल्लेही दिसू लागली. मुंगसालाही गडग्याकडेचे वाढलेले गवत, फुटलेल्या अंड्यांची टरफले आणि धान्यामागे आलेले उंदीर, सगळा पाहुणचार आमचाच होता.

तेव्हा पहिले काम खड्डा खणण्याचे केले. मासळीचा कचरा रोज खड्ड्यात, वर माती. सुकट अंगणात माणसांच्या डोळ्यांसमोर. ईदचा कचरा हातभर खोल, वर दगड. गडग्याकडेचे गवत चार हात कापून जमीन मोकळी केली, कारण उघड्यावरून यायला मुंगूस बिचकतो. गडग्याची मोठी भोके चिऱ्यांच्या तुकड्यांनी बुजवली.

दुसरे काम सावलीचे. झाडे एका वर्षात येत नाहीत, पण झुडपे येतात. गिरिपुष्पाचे खुंट रोवले. ते लगेच फुटतात. मधे जास्वंद आणि कढीलिंब लावले. तोपर्यंत माडाच्या झावळ्या तिरक्या टेकवून तीन-चार ठिकाणी आडोसे केले आणि अब्बांची जुनी खाट परसात मधोमध ठेवली. कोंबड्याने बारीक सूर काढला की सगळ्या त्या खाटेखाली. आमच्या गावठी कोंबड्या हे दोन दिवसांत शिकल्या. टाळेबंदीत हौसेने आणलेल्या गिरिराज कोंबड्या मात्र शिकेनात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली ही जात अंगाने भरते, वजन चांगले देते, पण जड अंगाला पळणे आणि उडणे जमत नाही. आमच्याकडच्या सर्वात आधी गेल्या त्या त्याच. ज्याच्या परसाला भिंत आणि छत आहे त्याने ती पाळावी. उघड्यावर गावठीच बरी.

तिसरे काम पिल्लांचे. पहिले दीड-दोन महिने हाच काय तो नाजूक काळ. पूर्वी अम्मा पिल्लांना बांबूच्या डालग्याखाली झाकी आणि स्वतः समोर बसे. आम्ही आठ फूट लांब, पाच फूट रुंद चौकट केली. बाजूंना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. ती एक फूट जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवली, म्हणजे मुंगूस उकरू लागला तर त्याच्या पंजाला जाळीच लागेल. कोंबड्यांची म्हणून जी षट्‌कोनी पातळ जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. हा धडा आम्ही दोन पिल्ले देऊन घेतला. वरून खाडीवरच्या एका चाचांनी दिलेले मासेमारीचे जुने नायलॉनचे जाळे ताणून बांधले. पहिल्यांदा ते सैल होते आणि कडा जमिनीवर लोळत होत्या, तर त्यात एक धामण अडकली. कात्रीने एकेक पदर कापून तिला सोडवताना अर्धा तास गेला. तेव्हापासून जाळे वर, ताणलेले. खाली फक्त तारेची जाळी.

फसलेले उपायही सांगतो. जुन्या सीड्या दोरीला बांधून लटकवल्या. चार दिवस घार बिचकली, पाचव्या दिवशी त्याच्या बाजूलाच उतरली. आमचा जुना सदरा घालून बुजगावणे केले. कावळा त्याच्या खांद्यावर बसला. मुलगा म्हणाला, "अब्बा, त्याने तुम्हाला ओळखलं."

हे सगळे होऊन आम्ही स्वतःवर खूश होतो. आता जी गोष्ट सांगायची आहे ती इथून पुढे आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी सारखी गैरहजर राहू लागली. हुशार मुलगी. इमला कधी चुकणार नाही, गणितात सर्वात पुढे. पण चार-पाच दिवस गायब, मग आठ-दहा दिवस नियमित, पुन्हा चार-पाच दिवस गायब. आजार असा ठरावीक अंतराने येत नाही. हजेरीपटावर आम्ही लाल शाईने खुणा करत गेलो. एक दिवस स्टाफरूममधल्या दिनदर्शिकेवर चांदाच्या तारखा बघताना लक्षात आले की ती गैरहजर राहते ते चांदाच्या तिसऱ्या-चौथ्यापासून सातव्यापर्यंत, आणि पुन्हा अठरा-एकोणीसपासून बावीसपर्यंत. खाडीकाठच्या माणसाला यापुढे सांगावे लागत नाही. ओहोटी रोज सुमारे पाऊण-पन्नास मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे ती पहाटे आणि संध्याकाळी असते. त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत ती सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान येते. पुढे भांगाच्या दिवसांत पाणी फारसे आटत नाही. म्हणजे त्या मुलीची आई त्या दिवसांत सकाळी तिसऱ्या आणि कालवे काढायला चिखलात उतरत होती.

पण आई खाडीवर गेली तर मुलीने घरी का राहायचे? शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. रागातच गेलो होतो. रस्त्यात वाक्ये जुळवत होतो, शिक्षणाचे महत्त्व, पहिलीच वही म्हणजे 'इकरा', वगैरे. मुलगी मागीलदारी एका दगडावर बसली होती. मांडीवर इतिहासाचे पुस्तक उपडे, हातात काठी, नजर आकाशात. समोर दोन कोंबड्या आणि चौदा पिल्ले. आम्हाला बघून उभी राहिली आणि पहिले वाक्य बोलली ते असे, "सर, जरा हळू या, पिल्लं बिथरतात."

आमची जुळवलेली वाक्ये जागीच राहिली.

तिची आई ओल्या साडीनेच आली. म्हणाली, "सर, मला कळतं हो, शाळा बुडते. पण तिसऱ्यांचे पैसे रोजच्या रोज संपतात. ही चौदा पिल्लं मोठी झाली तर जूनमध्ये हिची वह्या-पुस्तकं, गणवेश निघेल. मागच्या खेपेला मी एकटी होते, घारीने आणि मुंगसाने एक ठेवलं नाही. मग कुणाला बसवू? हिच्या शिक्षणासाठीच हिला बसवलंय."

तिच्या शिक्षणासाठी तिलाच शाळेतून काढून राखणीला बसवले होते. या बोलण्यात काय चूक काढायची? आम्हाला आमची एस.टी. आठवली, रंगीत खडू आठवले, पाच रुपयाला एक अंडे आठवले. आणि पहिल्यांदाच हा प्रश्न पडला की त्या सगळ्या वर्षांत राखण कोण करत होते. अम्मा. सकाळी दहापासून असरपर्यंत, तीस वर्षे, मागच्या दारात. तांदूळ निवडताना, सुकट पाखडताना, आमचे सदरे शिवताना तिचा एक डोळा आकाशात असे. आम्ही अंड्यांचा हिशेब ठेवला, एस.टी.चा हिशेब ठेवला. तिच्या त्या बसण्याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता. आणि ज्या आठवड्यात तिचे डोळे थकले त्या आठवड्यात आम्ही तिच्यावर ओरडलो.

रात्रीची राखण कडी करते. दिवसाची राखण नेहमी कुणीतरी माणूस करतो, आणि बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे एक म्हातारी नाहीतर एक पोरगी असते. ती काही करत नाही, नुसती घरी असते, असे आपण सहज म्हणतो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही, आमचा मुलगा आणि खाडीवरचे ते चाचा असे तिघे जाळे, तार आणि खुंट घेऊन त्यांच्याकडे गेलो. मुलीची आई संकोचली. म्हणाली, "सर, तुम्ही कशाला?" चाचा म्हणाले, "अगं, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवायचा नसतो, आधी बांधायचा असतो, हे मौलवीसाहेब दर जुम्याला सांगतात. आम्ही नुसती दोरी आणलीय." जोहरपर्यंत चौकट उभी राहिली. दोर कुठे ताणायचा ते मुलगीच सांगत होती. घार कुठल्या बाजूने येते ते तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. कचऱ्याचा खड्डाही तिनेच खणला. सोमवारी ती शाळेत आली. त्यानंतरच्या खेपेची ओहोटी आली आणि गेली, हजेरीपटावर लाल खूण पडली नाही.

चौदाची चौदा वाढली असे मात्र नाही. एक गारठ्याने मेले, दोन मानमोडीने गेली. जाळी रोगाला अडवत नाही. त्यासाठी वेळेवर लस लागते, आणि ती आमच्याकडून राहिली. अकरा वाढली. जूनच्या वह्या निघाल्या.

सातवीनंतर पुन्हा तोच प्रश्न आला, आता वेगळ्या रूपात. हायस्कूल सहा किलोमीटरवर. मुलीची आई आमच्या घरी अम्माकडे येऊन बसली. "कोंबड्यांना जाळं बांधलंत सर, बरं झालं. पण रस्त्याला कसं बांधायचं? दिवस चांगले नाहीत." अम्मा तेव्हा नव्या डोळ्यांनी वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "जाळं आभाळाला बांधायचं असतं गं, कोंबडीच्या पायाला नाही."

त्या एका वाक्याने सगळे सुटले असे नाही. त्यासाठी चार घरी हिंडावे लागले, पाच मुलींनी मिळून एकाच एस.टी.ने जायचे ठरवावे लागले. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, त्याचे अर्ज आम्ही बसून भरले. गाडी चुकली तर कुणाच्या घरी थांबायचे हेही ठरवले. म्हणजे इथेही तेच: कचरा पुरायचा, गवत कापायचे, आडोसे उभे करायचे, आणि राखण एकट्या-दुकट्यावर न टाकता वाटून घ्यायची. २०२५ मध्ये ती मुलगी दहावी झाली. पुढे काय करणार विचारले तर म्हणाली, "सर, डी.एड. करीन किंवा जनावरांची डॉक्टर होईन. मुंगसाबद्दल मला पुष्कळ माहीत आहे."

आमच्या परसात गिरिपुष्प आता छपराएवढा झाला आहे. घार अजून येते. येणारच, तिचेही रिज्क याच आभाळाखाली आहे. मागच्या आठवड्यात शिक्र्याने एक पिल्लू नेलेच. मुलाने वहीत लिहिले. अम्मा पुन्हा मागच्या दारात बसते. आम्ही म्हणतो, आता जाळी आहे, तू आत जाऊन पड. ती म्हणते, "मी राखायला बसत नाही रे मास्तर, बघायला बसते. इतकी वर्षं कोंबड्या राखल्या, नीट बघितल्या कुठे होत्या?"

शाळेतून आलो की हल्ली आम्हीही थोडा वेळ तिच्या शेजारी टेकतो.